क्योतोत गाडी नको, शिकोकूत हवी

पत्र, थोडक्यात:

आम्ही सांगलीचे चौघं, कॉलेजपासूनचे. दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवस जपानला जायचं चाललंय, मुख्य म्हणजे जुनी मंदिरं बघायला. एका मित्राने प्लॅन केलाय: तोक्योत उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची, निक्को, क्योतो, नारा, कोयासान करून परत तोक्यो. 'चौघांत गाडी म्हणजे सगळ्यात स्वस्त,' असं त्याचं म्हणणं. चालवणार एकटा तोच. आंबा घाट पाठ आहे म्हणतो. मी ज्युनियर कॉलेजात शिकवते. विमानासकट दीड लाखाच्या वर मला जमणार नाही. तो आणि तिसरा मित्र आयटीत आहेत, त्या दोघांना हा आकडा किरकोळ वाटतो. चौथी मैत्रीण जैन, कांदा-लसूणही खात नाही. लायसन्स माझ्याकडेही आहे, पण मला कोणी विचारलेलं नाही. हे खरंच स्वस्त पडेल का? आणि मला झेपत नाही हे ग्रुपवर सांगायचं कसं?

'मागची सीट', सांगली

प्रिय 'मागची सीट',

तुझा दुसरा प्रश्न पहिल्यात अडकलाय, म्हणून आधी गाडीचं बोलते.

मित्राचा प्लॅन स्वस्त नाही. आपल्याकडे चौघांनी मिळून गाडी काढली की एसटीच्या आसपास खर्च येतो, तोच हिशेब त्याने जपानला लावलाय. तिथे मधे येतो तो टोल. तोक्यो ते क्योतो साडेचारशे-पाचशे किलोमीटर, आणि एका वेळचा टोल दहा हजार येनांच्या घरात. (१०० येन म्हणजे ५५ ते ६० रुपये धर.) परत तोक्योलाच यायचं म्हणजे तो दोनदा. त्यावर पेट्रोल, आणि शहरातलं पार्किंग वेगळंच. एवढं करून क्योतोत गाडीचा उपयोग काय? किंकाकुजी किंवा कियोमिझुदेरा या मंदिरांच्या रस्त्याला नोव्हेंबरात, पानं लाल व्हायच्या दिवसांत, पाय ब्रेकवरून निघत नाही. बसचं तिकीट २३० येन आहे, बस आणि भुयारी रेल्वे मिळून दिवसभराचा पास ११०० येनांना मिळतो. क्योतोत गाडी घेऊन फिरणं म्हणजे पैसे देऊन मनस्ताप विकत घेणं.

कोणी 'मग रेल्वेचा पास काढू' म्हणालं तर त्यालाही थांबव. सात दिवसांचा जेआर पास ऑक्टोबर २०२३ मध्ये एकदम ५०,००० येनांवर गेला. तुमच्या फिरण्यात तो वसूल होणार नाही.

माझा सल्ला असा. तोक्यो आणि निक्को काढून टाका. निक्कोचं तोशोगू देवस्थान सुंदर आहे, पण ते तोक्योच्या उत्तरेला, म्हणजे तुमच्या बाकी सगळ्या ठिकाणांच्या उलट दिशेला. विमान थेट ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळाचं बघा. एखादं विमान बदलावं लागेल, पण तिकडून परत तोक्योला जाण्याचे पैसे आणि दिवस वाचतील. मग सहलीचे तीन तुकडे पडतात. क्योतो-नारा रेल्वेने आणि पायी. मग शिकोकू बेटावर चार दिवस गाडी. शेवटी कोयासान, पुन्हा रेल्वेने.

शिकोकू तुमच्या यादीत नव्हतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. जपानच्या चार मोठ्या बेटांमधलं ते सगळ्यात लहान. बेटाला वळसा घालत ८८ मंदिरांची परिक्रमा आहे, साधारण १२०० किलोमीटरची, आणि ती कुकाई या भिक्षूशी जोडलेली आहे. कुकाईचा जन्म ७७४ सालचा, इथलाच. पुढे चीनला जाऊन तो तांत्रिक बौद्ध दीक्षा घेऊन आला आणि त्याने जपानात शिंगोन पंथ रुजवला. लोक त्याला कोबो दाइशी म्हणतात. पांढरा अंगरखा, डोक्यावर शंकूसारखी टोपी, हातात काठी असे यात्रेकरू रस्त्याने चालताना दिसतील, आणि त्यांना वाटेत संत्री, चहा, कधी सुटे पैसे देणारे गावकरीही. गाडीने परिक्रमा करणारे जपानीही भरपूर आहेत, त्यामुळे तुम्ही गाडीतून उतरलात म्हणून कोणी नाक मुरडणार नाही.

आता पैशाच्या बाजूने बघ. क्योतो-नाराकडे एकेका मंदिराला ५०० येनांपासून, होर्युजीला तर २००० येन पडतात. शिकोकूच्या ८८ पैकी बहुतेकांच्या आवारात जायला काहीच लागत नाही. काही ठिकाणी पार्किंगचे दोन-तीनशे येन. वहीत मंदिराचा शिक्का आणि कुंचल्याने लिहिलेलं नाव घ्यायचं असेल तर एका मंदिराचे ५००. चौघांनी चार वह्या करू नका, एकच करा. ती कोणाकडे राहणार यावर भांडायला पुढची वीस वर्षं आहेत. शिक्क्याची खिडकी सकाळी ८ ते संध्याकाळी ५ उघडी असते आणि पैसे रोख लागतात.

शिवाय ही मंदिरं डोंगरात, किनाऱ्यावर, भातशेतीच्या कडेला पसरलेली आहेत, आणि तिथली बस दिवसातून मोजक्या वेळा धावते. गाडीचे पैसे वसूल होतात ते अशाच मुलुखात.

ओसाकाहून तोकुशिमाला थेट बस आहे. आकाशी सामुद्रधुनीवरचा प्रचंड झुलता पूल ओलांडून अडीच-तीन तासांत पोचवते, तिकीट चार हजार येनांच्या आसपास. गाडी तोकुशिमा स्टेशनजवळून घ्या आणि तिथेच परत करा. दुसऱ्या शहरात सोडली तर त्याचं भाडं वेगळं लागतं, आणि पुलाचा टोलही तुमच्या माथी येतो.

पहिल्या दिवशी १ ते १० क्रमांकाची मंदिरं. योशिनो नदीच्या खोऱ्यात ती जवळजवळ आहेत. दहाही करायलाच हवीत असं नाही, पण पहिलं र्योझेनजी चुकवू नका, यात्रेकरूंची सगळी सामग्री तिथे मिळते. दुसऱ्या दिवशी ५५ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने दक्षिणेला. हा रस्ता टोलमुक्त आहे आणि बराचसा समुद्राला धरून जातो. वाटेत हिवासाचं २३वं मंदिर, याकुओजी. बायकांचं ३३वं आणि पुरुषांचं ४२वं वर्ष अशुभ मानतात, म्हणून इथे ३३ आणि ४२ पायऱ्यांचे दोन जिने आहेत, आणि लोक प्रत्येक पायरीवर एकेक नाणं ठेवत चढतात. तिथून ७५ किलोमीटरपर्यंत पुढचं मंदिर नाही. मग मुरोतोचं टोक: समोर उघडा प्रशांत महासागर, आणि कड्यात ती गुहा जिथे तरुण कुकाईने साधना केली असं सांगतात. तुमच्या सगळ्या सहलीत मला एकच जागा निवडायला सांगितली तर मी ही निवडेन. मुक्काम कोचीला. तिसऱ्या दिवशी सकाळी कोचीचं चिकुरिनजी, मग डोंगर ओलांडून उत्तरेला झेनत्सूजी, कुकाईचं जन्मस्थान. तिथे मिएदो नावाच्या दालनाखाली काळोखा बोगदा आहे, भिंतीला हात लावून चालायचं. चौथ्या दिवशी शेवटचं ८८वं ओकुबोजी आणि परत तोकुशिमा. सगळं मिळून साडेचारशे-पाचशे किलोमीटर होतील.

पाचशे ऐकून मित्र हसेल. 'एका दिवसात मारतो,' म्हणेल. त्याला सांग, साध्या रस्त्यांवर कमाल वेग ताशी ६०, गावात ४०, आणि लोक तो पाळतात. सरासरी ताशी ४०च्या वर धरू नका. नोव्हेंबरात पाचच्या सुमाराला अंधार पडतो, आणि डोंगरातले बरेच रस्ते एका गाडीपुरते आहेत. समोरून गाडी आली की जागा मिळेपर्यंत मागे घ्यावी लागते. आंबा घाटाचा सराव इथे उपयोगी पडेल, फक्त हॉर्न सोडून. गाडी डाव्या बाजूनेच चालते, तेवढी सोय आहे. रेल्वे फाटक उघडं असलं तरी पूर्ण थांबायचं. लाल उलट्या त्रिकोणाची पाटी दिसली की चाक संपूर्ण थांबलं पाहिजे, नुसता वेग कमी करून चालत नाही. आणि दारू: चालवणाऱ्याने घेतली असेल तर शेजारी बसलेल्यांनाही शिक्षा होते. रात्री कोचीत बिअर घ्यायची तर गाडी सकाळपर्यंत हलणार नाही, आणि ती सकाळही जरा उशिराची.

आणखी काही बारकावे. गाडीतल्या नॅव्हिगेशनमध्ये पत्त्याऐवजी मंदिराचा फोन नंबर टाकला की ते बरोबर नेतं. फोनवरचा नकाशा कधी कधी जवळचा म्हणून बैलगाडीच्या वाटेवर घालतो. पेट्रोल पंपावर स्वतः भरायची वेळ आली तर लाल नळी साध्या पेट्रोलची, पिवळी महागड्याची, हिरवी डिझेलची. हिरवी म्हणजे पर्यावरणपूरक असं समजून कोणी उचलू नये. कुठे खरचटलं तरी ११० ला फोन करून पोलिसांना कळवायचंच; त्यांच्या नोंदीशिवाय विमा मिळत नाही. विम्यावर 'एनओसी' नावाचा एक आकार असतो: गाडी दुरुस्तीला गेली की तिचं बुडालेलं भाडं म्हणून ती चालत असेल तर २०,००० आणि चालत नसेल तर ५०,००० येन. रोजचे थोडे जास्त भरले की तो माफ होतो. ते भरा. काटकसर करायला दुसऱ्या जागा आहेत. रस्त्यावर दर थोड्या अंतरावर 'मिचि नो एकि' लागतात: फुकट पार्किंग, चोवीस तास उघडी स्वच्छतागृहं, आणि गावच्या बायकांनी बनवलेलं स्वस्त खाणं. डुलकी काढायला चालतं, पण रात्रभर गाडीत झोपून मुक्काम वाचवायची कल्पना कोणी काढली तर नको म्हणा. ती जागा त्यासाठी नाही. बॅगा मोठ्या नेऊ नका. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा छोट्या गाडीत मावत नाहीत. मोठ्या बॅगा कुरियरने थेट ओसाकाच्या हॉटेलवर पाठवता येतात.

आता चालवण्याचं. एकट्याने चार दिवस चालवायची नाही. परक्या रस्त्यावर थकलेला ड्रायव्हर सगळ्यांनाच महागात पडतो, आणि 'मीच चालवतो' म्हणणारा तिसऱ्या दिवशी 'मीच राबतोय' म्हणायला लागतो. तुझ्याकडे लायसन्स आहे. आंतरराष्ट्रीय परवाना तुझाही काढ. भारताचा परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा असल्याने जपानात चालतो. आरटीओत १००० रुपये फी, मुदत एक वर्ष. गाडी घेताना तो, मूळ लायसन्स आणि पासपोर्ट तिन्ही दाखवावे लागतात. एकही विसरला तर गाडी मिळत नाही, कितीही हात जोडा. किनाऱ्याचा रस्ता तू घे, डोंगराचा त्याला दे.

भाड्याचा हिशेब: छोटी चांगली गाडी विम्यासकट रोजचे आठेक हजार येन धर, म्हणजे चार दिवसांचे बत्तीस. पेट्रोल सहा-सात हजार, थोडा टोल, पार्किंग. पंचेचाळीस हजारांत बसतं. माणशी अकरा-साडेअकरा हजार येन, म्हणजे साडेसहा हजार रुपयांच्या आसपास. हा आकडा मित्रापुढे ठेव.

जैन मैत्रिणीसाठी कोयासान. ८००-९०० मीटर उंचीवरचं हे मठांचं गाव कुकाईनेच वसवलं, ८१६ साली जागा मिळाल्यावर. शिकोकूची परिक्रमा संपली की यात्रेकरू इथे येऊन त्याला नमस्कार करतात, म्हणजे तुमचा क्रमही परंपरेप्रमाणे होईल. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वे आणि शेवटी केबल कार. मठात राहता येतं, आणि तिथलं जेवण कांदा-लसणाशिवायचं, मांस-मासे नसलेलं. मुळा-गाजर मात्र असतं. ती कंदमुळंही वर्ज्य मानत असेल तर आरक्षण करतानाच लिहून कळवा, ऐनवेळी नाही. दोन जेवणांसकट माणशी बारा-पंधरा हजार येन किंवा जास्त. महाग आहे, तरी एक रात्र कराच. सगळ्या सहलीत त्या मुलीला पोटभर, शंका न घेता जेवता येईल असं हे एक ठिकाण. जेवण साडेपाच-सहाला, पहाटे प्रार्थना, उशिरा आलात तर दार बंद.

कोयासानच्या ओकुनोइन या स्मशानभूमीत देवदारांखाली दोन लाखांवर समाध्या आहेत. टोकाला कुकाई आहे. तो गेला असं इथे मानत नाहीत. ८३५ सालापासून ध्यानात आहे म्हणतात, आणि भिक्षू रोज दोनदा त्याच्यासाठी जेवण घेऊन जातात. आळंदीला जाऊन आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. समाध्यांच्या दगडांवर सिद्धम् लिपीतली बीजाक्षरं कोरलेली दिसतील, ती संस्कृत आहेत.

मठाबाहेर जैन मैत्रिणीचं खाणं अवघड आहे, हे आधीच मान्य करा. उदोन नावाच्या जाड शेवयांचं पाणी, मिसो सूप, भाजीचं लोणचं, सगळ्यात सुक्या माशाचा अर्क असू शकतो. दुकानात शिजलेल्या भाताची पाकिटं मिळतात, गरम करून देतात. घरून मेतकूट, भाजणी, चटणी न्या. स्वयंपाकघर असलेली वसतिगृहं निवडा, सगळ्यांचेच पैसे वाचतील.

क्योतो-नाराबद्दल थोडंच सांगते, त्याची माहिती सगळीकडे आहे. क्योतोत पाच-सहा मंदिरांच्या मागे धावू नका. सान्जुसानगेन्दो बघा: लांबच लांब दालनात कान्नोन या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या १००१ मूर्ती, आणि पुढे २८ रक्षक देवता, ज्यांत ब्रह्मा, इंद्र, गरुड ओळखू येतात. आत फोटो काढता येत नाही, त्यामुळे मोबाइलवाली मंडळीही जरा बघतील. नारात तोदाइजीचा महाबुद्ध. ७५२ साली त्याचे डोळे रंगवून प्रतिष्ठापना केली ती बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने; कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या धरल्या होत्या.

होर्युजीचे २००० येन द्यावेत का? द्यावेत. जगातल्या सगळ्यात जुन्या लाकडी इमारती तिथे उभ्या आहेत. तिथल्या मुख्य मंदिरातल्या भित्तिचित्रांचं अजिंठ्याशी असलेलं साम्य अभ्यासक फार पूर्वीपासून सांगत आलेत. अराई काम्पो नावाच्या जपानी चित्रकाराने १९१७-१८च्या सुमारास अजिंठ्याला येऊन चित्रांच्या नकला केल्या, आणि पुढे १९४०च्या दशकात होर्युजीच्या चित्रांची नक्कल करण्याच्या कामातही तो होता. २६ जानेवारी १९४९ला ती मूळ चित्रं आगीत होरपळली. आज भिंतींवर प्रतिकृती आहेत. जपानात २६ जानेवारीला अजूनही ठिकठिकाणी मंदिरांत आग विझवण्याची कवायत होते. आणि तुम्ही सांगलीकर, म्हणून एक जास्तीचं: ओसाका-नारा रेल्वेवर इकोमाला उतरलात तर केबल कारने होझानजीला जाता येतं. तिथे कांगितेन आहे, आपल्या गणपतीचं जपानी रूप. मूर्ती दाखवत नाहीत. नैवेद्याला मुळा असतो.

आता ग्रुपवर काय बोलायचं. तुझ्या दीड लाखात ही सहल बसते. विमान ५५ हजारांच्या आसपास मिळालं, आणि तिथले नऊ-दहा दिवस माणशी लाख-सव्वा लाख येनांत केले, तर एक लाख तीस हजारांपर्यंत जातं. राहिलेले वीस हजार हातात ठेव, कोणालाही सांगू नकोस.

पण आकडा तिकिटं काढायच्या आधी सांग, नंतर नाही. आणि 'मला परवडत नाही' असं रडक्या सुरात नको, त्याने मित्र एकतर 'अगं आम्ही भरतो' म्हणतात किंवा गप्प होतात, आणि दोन्ही वाईट. असं लिही: 'माझं बजेट विमानासकट दीड लाख. त्यात बसणारा प्लॅन मी मांडलाय, खाली हिशेब आहे. बघा आणि सांगा.' हिशेब मांडणाऱ्याशी वाद घालायला समोरच्यालाही हिशेब मांडावा लागतो, आणि त्याचा प्लॅन टोलवरच आपटेल. मग दोन गोष्टी ठरवून घ्या. राहणं, गाडी, प्रवास हे सामायिक, आणि ते सगळ्यात कमी बजेटच्या माणसाला झेपेल त्या दराने. बाकी सगळं टीटीएमएम. त्या दोघांना कोचीत मासे खाऊन पाच हजार येन उडवायचे असतील तर खुशाल उडवू देत, बिल चौघांत फुटणार नाही. सामायिक खर्चासाठी रोख वर्गणी काढून एक पाकीट करा आणि ते मैत्रिणीकडे द्या, तुझ्याकडे नको. पैशाची काळजी ज्याला जास्त त्याच्याकडे पाकीट असलं की तो सहल बघत नाही, पाकीटच बघतो.

मित्र तरीही तोक्यो-निक्कोवर अडला तर? त्याला म्हणावं, तू दोन दिवस आधी जाऊन ये, आम्ही ओसाकाला भेटतो. खरंच जाईल तो, आणि त्यात काही बिघडत नाही.

कामाचा क्रम एवढाच: आधी विमान आणि मठाचं आरक्षण, मग व्हिसा, व्हिसा हातात आला की दोघांचे परवाने. दिवाळीच्या आधी आरटीओत गर्दी असते, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.